मागच्या दाराचा पंखा

हवा आत कशी आणायची आणि बाहेर कशी घालवायची, याचा सल्ला विकण्याचा धंदा सासऱ्यांनी तरुणपणी सुरू केला तेव्हा लोक हसले होते. हवेचे कुणी पैसे मोजतं का, असा त्यांचा रोकडा सवाल होता. पुढे जमिनीखाली वाहनतळ झाले, बाजार झाले, आणि आग लागली तर धूर कुठून जाणार हे आधी कागदावर दाखवल्याशिवाय परवानगी मिळेना. मग हसणारेच गिऱ्हाईक होऊन आले.

कंपनीत दोन खाती होती. आत येणाऱ्या हवेचं खातं म्हणजे श्वास, बाहेर जाणाऱ्या हवेचं उच्छ्वास. नावं सासऱ्यांनीच ठेवलेली. श्वासाचे नकाशे निळे, उच्छ्वासाचे तांबडे. निळ्या नकाशावर वरिष्ठ सही करत आणि तांबडा नकाशा नव्याने लागलेल्याच्या अंगावर टाकला जाई. तो जरा रुळला की त्याला बढती म्हणून निळ्यात घेत. यामागे तसं शास्त्र काहीच नव्हतं. जितकी हवा आत येते तितकीच बाहेर जावी लागते, हे सगळ्यांना पाठ होतं. पण आपण लोकांना ताजी हवा पुरवतो असं चारचौघांत सांगता येतं. आपण संडासाची आणि स्वयंपाकघराची हवा हाकलतो, असं कुणी व्हिजिटिंग कार्डावर छापत नाही.

सासऱ्यांना तीन मुली. थोरले जावई आणि मधले जावई दोघेही इंजिनियर, दोघेही कंपनीत आणि दोघेही श्वासात. एकमेकांशी बोलणं त्यांनी फार पूर्वीच सोडलं होतं. कारण कुणाला आठवत नव्हतं, आणि आठवत नसल्यामुळे ते मिटवताही येत नव्हतं. म्हणून ऑफिसच्या एका टोकाला थोरल्यांची केबिन, दुसऱ्या टोकाला मधल्यांची, आणि मध्ये सासऱ्यांची, तटस्थ राष्ट्रासारखी. या व्यवस्थेवर सासऱ्यांची रात्रीची झोप अवलंबून होती.

तिसरी मुलगी धाकटी. तीही इंजिनियर, बिनलग्नाची, आणि कंपनीत आल्या दिवसापासून उच्छ्वासात. बाकीचे रुळले आणि निळ्यात गेले. ही घरचीच, कुठे जातेय, म्हणून राहिली. दोन्ही जावई तिला उच्छ्वासबाई म्हणत. या एका बाबतीत त्यांचं एकमत होतं.

आणखी एक महत्त्वाचा सभासद म्हणजे मोठा संगणक. माणसाच्या उंचीचं लोखंडी कपाट, त्यात एकावर एक रचलेली यंत्रं, प्रत्येकाच्या पोटात दोन-दोन प्रोसेसर. इमारतीत आग लागली तर धूर कसा पसरेल याचं गणित ते करायचं. त्याला वातानुकूलित खोली दिलेली होती, त्याने मागितलेलं सगळं मिळत होतं आणि त्याला कुणी उलट बोलायची सोय नव्हती. त्यामुळे ऑफिसातले लोक त्याला तिसरे जावई म्हणत. फरक इतकाच की तिसरे जावई काम करत.

कपाटाला दोन दारं, पुढे आणि मागे, प्रत्येक दाराला पंख्यांची एक रांग. बनवणाऱ्याने पुढचे पंखे हवा आत घेणारे लावले होते आणि मागचे बाहेर टाकणारे. कपाट कुणाच्या अखत्यारीत, यावरून दोघा जावयांत जुंपली तेव्हा सासऱ्यांनी जमिनीची वाटणी करावी तशी कपाटाची वाटणी केली. पुढचं दार थोरल्यांकडे, मागचं मधल्यांकडे, ज्याच्या त्याच्या दाराची किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात. सगळे सुटलो म्हणाले.

आठवडाभराने मधल्यांच्या लक्षात आलं की आपल्या वाट्याला उच्छ्वास आला आहे.

ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर ते कमीपणाचं झालं असतं. त्यांनी एका दुपारी स्क्रू ड्रायव्हर आणवला, मागचे पंखे उलटे करून बसवले आणि दाराला कुलूप घातलं. आता पुढून हवा आत, मागूनही हवा आत. छत आणि तळ पत्र्याचा, बंद. हवेने जायचं कुठे याचा विचार हवेने करावा, अशी एकंदर व्यवस्था झाली.

नेमकं त्याच आठवड्यात जमिनीखालच्या बाजाराचं काम आलं. तीन मजली बाजार, सगळा जमिनीच्या पोटात. धूर कुठून निघेल याचा अहवाल शुक्रवारी दुपारपर्यंत बांधकामवाल्यांच्या हातात पडायला हवा होता. सासऱ्यांचं वय झालं होतं, भागीदार नेमायचा होता, आणि बाजाराचं काम निम्म्याहून अधिक धुराचं, म्हणजे उच्छ्वासाचं होतं. धाकटीने बापाला कोंडीत पकडून शब्द घेतला. अहवाल वेळेवर गेला तर त्यावर एकट्या तिची सही, आणि ती भागीदार. नाही गेला, तर दोन्ही जावई भागीदार होणार, आणि ती दोघांच्या हाताखाली तांबडी शाई भरत निवृत्त होणार. बाप हो म्हणाला, कारण नाही म्हणायला त्याला नेहमीच वेळ लागायचा.

धाकटीने गणित लावलं. बुधवारी संध्याकाळी पुरं होईल, असं पडद्यावर आलं. सोमवारी दुपारी पडद्याने आपलं मत बदललं आणि शनिवार म्हणाला.

ऑफिसातला म्हातारा हिशेबनीस तिच्या शेजारी बसायचा. त्याने विचारलं की नुसत्या बेरजा करणारं यंत्र तापतं कशाने.

"मी जन्मभर बेरजा केल्या," तो म्हणाला, "मला कधी ताप आला नाही."

धाकटी चिडलेली होती, पण समजावून सांगणं हा तिचा चिडण्याचाच एक प्रकार होता. तिने सांगितलं की प्रोसेसर म्हणजे अब्जावधी बारीक बटणं, आणि ती सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद होतात. दर वेळी विजेचा एक कण खर्ची पडतो. पंखा वीज खातो आणि वारा देतो, दिवा उजेड देतो. हा गडी वीज खातो आणि फक्त उत्तर देतो, आणि उत्तराला काही वजन नसतं. मग खाल्लेली सगळी वीज जाणार कुठे, तर तापात. आणि हे सगळं बिस्किटाएवढ्या तुकड्यात. तेवढ्याच जागेपुरतं बघितलं तर इस्त्रीचा तळ याच्यापुढे गार म्हणायचा. म्हणून त्याच्या डोक्यावर तांब्याचा ठोकळा बसवतात, ठोकळ्यावर पातळ पत्र्याच्या पात्या, आणि पात्यांवरून वारा सोडतात. प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामध्ये करड्या मलमाचा हात फिरवतात, कारण दोन धातू कितीही चिकटून बसले तरी मध्ये फटी राहतात, फटीत हवा, आणि कोंडलेली हवा ताप पुढे जाऊ देत नाही.

"म्हणजे ताप मरतो कुठे?" हिशेबनिसाने विचारलं.

"मरत नाही. फक्त बिऱ्हाड बदलतो. तुकड्यातून ठोकळ्यात, ठोकळ्यातून वाऱ्यात, वाऱ्यातून खोलीत, खोलीतून रस्त्यावर. मध्ये कुठे दार बंद असलं की मागे सगळे खोळंबतात. फारच झालं तर प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःच हळू चालायला लागतो. आपला आत्ता तेच करतोय."

हिशेबनीस म्हणाला की हे यंत्र सरकारी नोकरीला लागायला हरकत नव्हती.

धाकटी मधल्यांच्या केबिनमध्ये गेली आणि मागचे पंखे पूर्वीसारखे करा म्हणाली.

"पूर्वी ते चुकीचे होते," मधले म्हणाले.

"बनवणाऱ्यानेच तसे लावले होते, भाऊजी."

"बनवणाऱ्याला काय माहीत मागच्या दारावर कोण बसणार आहे? पुढच्या दाराला सांग जा की, बाहेर फुंका म्हणून. का त्यांना सांगायला जीभ रेटत नाही?"

जीभ रेटली. थोरल्यांनी चष्मा काढून पुसला. पुढचं दार हे पुढचं दार असतं, घराच्या दर्शनी दारातून कुणी घाण हवा सोडत नाही, असं ते म्हणाले. आणि मागचा माणूस उलटा वागतो म्हणून पुढच्याने का उलटं व्हायचं, हा तत्त्वाचा प्रश्न होता.

"तत्त्व राहू द्या. एका नाकाने माणूस दोन्ही करतो," धाकटी म्हणाली.

"तू आम्हाला हवा शिकवू नकोस. तू आलीस तेव्हा मी विमानतळाची हवा करत होतो."

खरं होतं ते. विमानतळाची हवा त्यांनी उत्तम केली होती. कपाटाचं शास्त्र दोघांनाही तोंडपाठ होतं. समोरच्याने आपला पंखा फिरवला की लगेच प्रश्न सुटेल, याबद्दल दोघांच्याही मनात तिळमात्र शंका नव्हती.

मग उपाय सुरू झाले. थोरल्यांनी पुढच्या दाराला जास्त ताकदीचे पंखे बसवले. ते पाहून मधल्यांनी मागच्या दाराला त्याहून ताकदीचे बसवले. दोन्हीकडून वारा मध्यभागी येऊन कपाळाला कपाळ लावून उभा राहिला. थोरल्यांनी खोलीचं वातानुकूलन शेवटच्या टोकाला नेलं. त्यामुळे खोली इतकी गारठली की हिशेबनीस कानटोपी घालून आत जाऊ लागला, आणि कपाट आतून तापतच राहिलं. मधले म्हणाले, थोरल्यांनी मलम नीट लावलेलं नसणार. थोरल्यांनी चवताळून सगळे ठोकळे उघडवले आणि खरजेला थापावं तसं मलम थापलं. ते नखाच्या टोकाएवढं लागतं, जाड झालं की तेच अडसर होतं, हे त्यांनीच एकदा शिकाऊ मुलांना शिकवलं होतं. धाकटीने काम थांबवून, थोरल्यांच्या देखरेखीखाली, अख्खी संध्याकाळ ते पुसून काढलं. थोरले शेजारी उभे राहून चिंधी कशी धरावी ते सांगत होते.

मंगळवारी सकाळी पडदा सोमवार म्हणाला, पुढच्या आठवड्यातला.

ती बापाकडे गेली. बापाला सगळं माहीत होतं. बापाला नेहमीच सगळं माहीत असायचं, तीच त्याची अडचण होती. त्याने तिला बसायला सांगितलं, पाणी विचारलं, आणि तिसरा एक पंखा कुठे बसवता येईल का ते बघ म्हणाला.

"बाबा, दोघांतल्या एकाला सांगा. कुठल्याही एकाला."

"घरचे जावई आहेत. उलटे फिरा असं कोणत्या तोंडाने सांगू? तू लहान आहेस, तू सांभाळून घे."

"आणि शुक्रवार?"

"शुक्रवारचं शुक्रवारी बघू."

तिला कळलं की बापाने शब्द पाळायचा नाही असं ठरवलेलं नाही. त्याला तो मोडावा लागणारच नाही, अशी तजवीज आपोआप होत होती, आणि बाप त्या तजविजीच्या आड येत नव्हता इतकंच.

दुपारी दोन्ही जावई बाजाराच्या जागेवर पाहणीला गेले, एकाच ठिकाणी, दोन गाड्यांतून. धाकटी कोठीत गेली. तिथे गिऱ्हाइकांना दाखवायचे नमुने ठेवलेले असत. ॲल्युमिनियमच्या वळणाऱ्या नळ्या, जोड, धूर ओढणारा मोठा पंखा. पत्रा कापायचं यंत्रही होतं. कपाटाच्या पुढच्या दाराची किल्ली थोरल्यांकडे होती, मागच्याची मधल्यांकडे. छताची वाटणी करायला मात्र सासरे विसरले होते. तिने काम तेवढ्यापुरतं थांबवलं, पत्र्याचा कीस वरच्यावर टिपत कपाटाच्या छताला भलंमोठं भोक पाडलं, त्यावर पंखा बसवला आणि पंख्याला नळी जोडली.

आता नळी न्यायची कुठे, हा प्रश्न होता. इमारत काचेची, खिडक्या न उघडणाऱ्या. उघडणारं तावदान फक्त दोनच ठिकाणी, दोन जावयांच्या केबिनमध्ये. ती वरिष्ठपदाची खूण होती. धाकटीने खोट्या छताच्या वरून नळी नेली, मध्ये दुफाटा जोड लावला, आणि एक तोंड थोरल्यांच्या केबिनमध्ये, एक मधल्यांच्या केबिनमध्ये सोडलं. दोन्ही नळ्या सारख्या रुंद, दोन्हींचा वारा तिने मोजून सारखा केला. जावयांत डावं-उजवं केलं असं तिला कुणी म्हणायला नको होतं. दोन्ही टेबलांवर तिने चिठ्ठी ठेवली. कपाटाची गरम हवा वरून येईल, तावदान उघडं ठेवावं, म्हणजे ती बाहेर जाईल.

दोन्ही दारांचे ताकदवान पंखे आता गार हवा जोरात आत कोंबत होते आणि ती वरून सुसाट निघत होती. जावयांनी इतके जोरदार पंखे बसवले नसते तर एवढा फरक पडला नसता. पडदा सोमवारवरून शुक्रवारवर आला, आणि संध्याकाळपर्यंत गुरुवारवर.

बुधवारी सकाळी जावई आपापल्या केबिनमध्ये आले आणि शर्टाचं वरचं बटण उघडतच बाहेर आले. आठ-दहा हीटरचा ताप दोन केबिनमध्ये निम्मा-निम्मा वाटला गेला होता. तावदान उघडलं की तो बाहेर जाणार होता, चिठ्ठीत तसं लिहिलंच होतं. पण तावदान उघडणं म्हणजे आपली केबिन हा उच्छ्वासाचा मार्ग आहे असं कबूल करणं. थोरल्यांनी चिठ्ठीचे चार तुकडे केले. मधल्यांनी आपली चिठ्ठी जपून ठेवली, पुढे पुरावा म्हणून.

"हे काढ," थोरले म्हणाले.

"तुमचा पंखा फिरवा, काढते."

"तू जावयाला खोलीतून हाकलतेस?"

"मी हवा हाकलते, भाऊजी. माझं खातंच ते आहे."

घरून फोन आले. थोरल्या बहिणीने सांगितलं की तिच्या नवऱ्याच्या पाठीवर घामोळं उठलंय, आणि सख्ख्या बहिणीने हे केलं हे ती मरेपर्यंत विसरणार नाही. मधलीने नुसता श्वास घेऊन फोन ठेवून दिला. धाकटीने दोघींना सांगितलं की तावदानाची कडी डावीकडे आहे. आईने फोन केलाच नाही. ती या वादात आधीपासून बापाच्या बाजूने होती, म्हणजे कुणाच्याच बाजूने नव्हती.

केबिन सोडल्यावर बसायचं कुठे? बाहेर कारकुनांत बसणं शक्य नव्हतं. थोरले आपला लॅपटॉप घेऊन सासऱ्यांच्या केबिनमध्ये गेले. थोरले गेलेले दिसताच मधले गेले. सासऱ्यांच्या टेबलाच्या एका बाजूला थोरले, दुसऱ्या बाजूला मधले, आणि मध्ये म्हातारा. इतक्या वर्षांनी प्रथमच तिघं एका खोलीत होते.

ते एकमेकांशी बोलत नसल्यामुळे सगळं सासऱ्यांमार्फत चाललं. थोरले म्हणायचे, बाबा, त्यांना सांगा खुर्ची सरकवायला. मधले म्हणायचे, बाबा, त्यांना सांगा की खुर्ची बाबांची आहे. थोरल्यांना दार उघडं हवं होतं, मधल्यांना बंद. एकाने फोनवर गिऱ्हाइकाला काही आकडा सांगितला की दुसरा छताकडे बघून हसायचा. थोरल्यांनी डबा उघडला की मधले रुमाल नाकाला लावायचे. सासरे बाहेर जायला उठले की दोघेही, बाबा, जरा थांबा, म्हणायचे, कारण मधला माणूस गेला तर उरलेल्या दोघांना समोरासमोर बसावं लागलं असतं. शिपाई चहा घेऊन गेला आणि ट्रे तिथेच ठेवून पळून आला. बुधवार असा गेला, आणि गुरुवारही.

शुक्रवारी सकाळी धाकटी छापलेला अहवाल घेऊन बापाच्या केबिनमध्ये गेली. जाड प्रत, पहिल्या पानावर सहीसाठी एकच रेघ, खाली तिचं नाव. शेजारी भागीदारीचा कागद. बापाचे डोळे लाल झालेले होते. जावई दोन्ही बाजूंना आपापल्या पडद्यात बघत बसले होते.

थोरले म्हणाले, बाबा, तिला सांगा, बाजाराची आत येणारी हवा माझी आहे, वरची सही माझी. मधले म्हणाले, बाबा, त्यांना सांगा, मागच्या फाटकाची आत येणारी हवा माझी आहे. बापाने चाचरत सुचवलं की तीन सह्या घ्याव्यात, दोघांच्या वर, निळ्यात, आणि तिची खाली, तांबड्यात.

"मग अहवाल जाणार नाही," धाकटी म्हणाली. "गणित माझ्याकडे आहे. दुपारी बांधकामवाल्यांना तुम्हीच फोन करा आणि सांगा की धूर कुठे जाणार ते आम्हाला माहीत नाही."

"तू घर फोडतेस," थोरले म्हणाले, आणि या वेळी ते थेट तिला म्हणाले.

"बाबा, हे मात्र खरं आहे," मधले म्हणाले.

म्हाताऱ्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. दोघे जावई त्याच्यासमोर पहिल्यांदाच एका सुरात बोलले होते. अजून असेच किती दिवस हे दोघे त्याच्या दोन्ही कोपरांना कोपरं लावून बसणार होते, याचं गणित त्याने मनात केलं असावं, कारण त्याचा चेहरा एकदम उतरला. त्याने पेन घेतलं, भागीदारीच्या कागदावर सही केली, आणि पेन धाकटीच्या हातात दिलं. तिने अहवालावर आपली सही केली. निळं पेन होतं. जवळ दुसरं नव्हतं.

तिने प्रत उचलली आणि दाराकडे वळली.

"आता ते तेवढं बंद कर," बाप हळूच म्हणाला. "यांना आपापल्या खोल्यांत जाऊ दे. कधी गार होतील त्या?"

"काल संध्याकाळीच झाल्या, बाबा. गणित कालच संपलं."

दोन्ही जावयांनी मान वर केली. आधी उठायला कुणीच तयार नव्हतं.